अर्धा कोयता

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला जायचे, असा माझ्या आईचा नेम आहे. आम्ही काही गळ्यात लिंग बांधणारे नव्हे. पण मन्मथ स्वामींच्या समाधीला कुणी कुणाची जात विचारीत नाही, आणि आईने तर आयुष्यात कुठल्याच देवाला ‘तू कुणाचा’ असे विचारलेले नाही. मांजरसुंब्याच्या चौकातून आत वळले, की बालाघाटाचा डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतो आणि मग ती दरी लागते. पावसाळा बरा झालेला असला, तर कार्तिकातही धार खाली पडत असते. दिंड्या येतात. लातूर-नांदेडकडच्या येतात, कर्नाटकातून येतात, तेलंगणातून येतात. दोन दिवस त्या दरीत मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा एकाच वेळी पाण्यासारख्या वाहत असतात. मला देवापेक्षा त्या भाषांचीच ओढ अधिक, हे आईला ठाऊक आहे. ती दर्शनाच्या रांगेत उभी राहते आणि मी बाहेर कट्ट्यावर बसून माणसांचे बोलणे ऐकतो.

२०२४ सालची पौर्णिमा १५ नोव्हेंबरला आली. त्याच दिवसापासून त्या वर्षीचा गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. सरकारने तशी तारीखच ठरवून दिली होती. एरवी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडची निम्मी गावे रिकामी झालेली असतात. घराला कुलूप आणि ओट्यावर एखादी म्हातारी, एवढेच मागे राहते. त्या वर्षी मात्र पुष्कळ टोळ्या अजून वाटेवर होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चौकात उभ्या करून माणसे घाईघाईने दर्शन घेऊन जात होती. ट्रॉलीत भांडी, पिठाची पोती, कोपीच्या बांबूंच्या मोळ्या, एखादी शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर पोरे.

माझ्या शेजारी कट्ट्यावर बिदरकडचे एक म्हातारे अप्पा बसले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात काठी. समोर एक नारळवाला कोयत्याने नारळ सोलीत होता. अप्पांनी थोडा वेळ ते पाहिले आणि मला विचारले, “ह्याला तुमच्यात काय म्हणतात, सर?”

“कोयता.”

अप्पा हसले. “हे तर आमचं आहे की! कोय्यु म्हणजे काप. पीक कोय्यु, गवत कोय्यु. आणि पूजेला फूल तोडतो की नाही, तेही कोय्युच. हूवु कोय्यु.”

मी थक्क झालो. शब्दांच्या कुळी काढण्याचा मला फार वर्षांचा नाद आहे. मॅट्रिकच्या पुढे शाळा झाली नाही, म्हणून शब्दकोशालाच मी कॉलेज मानले. कोयत्याचे मूळ दक्षिणेकडे असावे अशी मला शंका होतीच. कानडीत कोय्यु, तमिळमध्ये ‘कोय’, मल्याळीत सुगीला म्हणतात ‘कोय्त्तु’, तेलुगूत ‘कोयु’ म्हणजे कापणे. एवढ्या भावंडांत आपला कोयता उपरा दिसत नाही, उलट चेहरा जुळतो. पण फूल खुडायलाही तोच धातू आहे, हे मला कोणत्या पुस्तकाने सांगितले नव्हते. मी आयुष्यभर ज्या शब्दाला पाचटाचा आणि घामाचा वास आहे असे समजत आलो, त्याच्या मुळाशी कुणीतरी सकाळी देवासाठी फुले खुडीत होते.

“तुमच्याकडे ह्याचा दुसरा काही अर्थ आहे का, अप्पा?” मी विचारले.

“दुसरा कसला?” ते म्हणाले. “कापायचं, बस.”

आमच्याकडे आहे. बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायको.

बाहेरच्या वाचकाला हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यांवर होते. मुकादम म्हणतो, “औंदा माझे वीस कोयते हायेत.” म्हणजे वीस जोडपी, चाळीस माणसे. पाऊस संपता संपता मुकादम गावात येतो आणि उचल वाटतो. ती कोयत्यामागे ठरते. पूर्वी ती काही हजारांत असे, आता लाखाच्या घरात गेली आहे. मग पाच-सहा महिने त्या उचलीची फेड ऊस तोडून करायची. दोघांनी मिळून बुडख्यापासून ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे. बाईने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायच्या. दिवसाकाठी एक कोयता दीड-दोन टन ऊस पाडतो. हाताने तोडलेल्या उसाचा दर टनाला २७३ रुपये होता, तो जानेवारी २०२४ मध्ये ३६६ ठरला. हा दर टनाचा. त्यात नवऱ्याचे किती आणि बायकोचे किती, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. ज्याची जोडीदारीण नाही किंवा जिचा जोडीदार नाही, तो अर्धा कोयता. त्याला उचलही अर्धी, आणि तीही मुकादमाच्या मनात आले तर.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात कोयता भेटतो तो हत्यार म्हणून. हा दुसरा अर्थ त्यात असण्याचे कारणच नव्हते. प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले, पुढे पश्चिमेकडे कारखान्यांची रांग लागली, आणि आमच्या बालाघाटावरच्या कोरडवाहू माणसाला तिकडची वाट सापडली. ७२ च्या दुष्काळाने ती वाट पायाखालची झाली. या कोयत्याचा जन्म मुकादमाच्या वहीत झाला.

हत्यारावरून मोजण्याची रीत आपल्याला नवी नाही. जुनी माणसे एखाद्याची ऐपत सांगताना म्हणत, ‘त्याची चार औतांची शेती आहे.’ पण चार औते असणारा माणूस त्या औतांचा धनी असतो. त्याला कुणी औत म्हणत नाही. क्यूबातल्या ऊस तोडणाऱ्याला तिकडे ‘माचेतेरो’ म्हणतात. माचेते म्हणजे त्यांचा कोयता, आणि माचेतेरो म्हणजे तो चालवणारा. त्या नावात हत्याराबरोबर माणसालाही थोडी जागा आहे. आमच्या शब्दात ती नाही. शिवाय गंमत अशी, की प्रत्यक्षात कोयते दोन असतात. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. तिची मूठ थोडी बारीक. हत्यारे दोन, माणसे दोन, आणि मोजणीत एक. व्याकरणाने तो पुल्लिंगी, म्हणून उचल मोजून मिळते ती पुरुषाच्या हातात. तरी या शब्दाचा एक गुण मी मान्य करतो. त्याने दोघांना सारखेच अर्धे मानले आहे. बायको गेली तर नवराही अर्धाच होतो. इतका समान वाटा तिला दुसऱ्या कुठल्या शब्दाने दिलेला मला आठवत नाही.

(पुण्याकडे अलीकडे ‘कोयता गँग’ म्हणून एक शब्द वर्तमानपत्रांतून ऐकू येतो. आमच्या शाळेतल्या एका पोराने तो वाचला आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, “गुरुजी, आमच्या बापाची पण गँग हाय, पंधरा कोयत्यांची!”)

आता माझे सांगतो.

१९९६ साली मी मॅट्रिक झालो. निकाल जूनमध्ये लागला, आणि त्याच पावसाळ्यात वडील तापाने गेले. उचल घेऊन झालेली होती. ती काही वडिलांबरोबर गेली नाही. तेराव्याच्या नंतर मुकादम ओसरीवर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा घेतला, वडिलांची दोन शब्दांत स्तुती केली आणि आईला म्हणाला, “वहिनी, आता तुम्ही अर्धा कोयता. वहीत पुऱ्याची उचल हाय. कसं करायचं?”

आई काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती नुसती चुलीकडे बघत राहिली. मीच म्हणालो, “मी येतो.” मुकादमाने लगेच वहीत काही खोडले नाही की लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हतेच. कोयता पुरा झाला होता.

तो एक हंगाम मी वडिलांचा कोयता चालवला. मूठ त्यांच्या हाताने झिजलेली होती, माझी बोटे त्या खाचांत बसत नसत. पहाटे चारला फडात उतरायचे. थंडीत उसाच्या पानांची धार कोयत्यापेक्षा वाईट लागते. आई माझ्या दुप्पट काम करी, आणि संध्याकाळी मोळ्या मोजताना माझ्याकडच्या जास्त सांगे. मार्चअखेर पट्टा पडला, आम्ही गावी आलो, उचल फिटली. कॉलेजचे वर्ष गेले होते. पुढचेही गेले. तिने मला नेले, की मी गेलो, हा विषय आमच्या दोघांत कधी निघाला नाही.

पुढे कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, तेव्हा मला मास्तर म्हणून घेतले. तिथे मॅट्रिक पुरत असे. पत्र्याची शेड, मळीचा वास, आणि चाळीस पोरे, त्यातली निम्मी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसलेली. एके दिवशी मी अपूर्णांक शिकवीत होतो. फळ्यावर भाकरी काढली, मध्ये रेघ मारली आणि विचारले, “अर्धा आणि अर्धा मिळून किती?”

चौथीतली एक मुलगी ताडकन उठली. “एक कोयता!”

पोरे हसली नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मीच हसलो आणि विचारले, “बरं, मग पाव कोयता म्हणजे काय गं?”

ती जराही न थांबता म्हणाली, “पाव म्हंजे पोरगं, गुरुजी. पण पावाला उचल न्हाई भेटत.”

इतका नेमका गणिती मला त्यानंतर भेटला नाही. तिला आठवीपर्यंत मी या ना त्या निमित्ताने शिकवले. ती हंगामात माझ्याकडे असे, आणि उन्हाळ्यात गावी आली की पुस्तके मागायला येई. ती पंधरा वर्षांची झाली आणि तिचे लग्न ठरले. तिकडच्या घरी मुलगा एकटा होता, अर्धा कोयता. दिवाळीच्या आत तो पुरा व्हायला हवा होता. मला हे सगळे माहीत होते. वयही माहीत होते, कायदाही माहीत होता. मुलीचा शाळेचा दाखला माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. लग्नाला मी गेलो. अक्षता टाकल्या. पंक्तीला बसलो आणि बुंदी खाल्ली. तिचा बाप पाया पडून म्हणाला, “गुरुजी आले, पोरीचं भाग्य.”

मी कादंबऱ्या लिहितो. त्यांत अन्यायाविरुद्ध बोलणारे मास्तर आहेत. वाचकांची त्यांच्याबद्दल पत्रेही येतात.

कपिलधारच्या त्या कट्ट्यावर मी अप्पांना कोयत्याचा आमचा अर्थ सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काठीशी चाळा करीत बसले. मग म्हणाले, बसवण्णांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, कल्याणला आयदक्की मारय्या म्हणून एक शरण होता. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्याचे कायक. आयदक्की म्हणजेच वेचलेले तांदूळ. एकदा त्याने गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तर बायको लक्कम्मा हिने त्याला खडसावले आणि परत टाकून यायला लावले. “त्याची वचनं वेगळी आहेत, तिची वचनं वेगळी आहेत,” अप्पा बोटे दाखवून म्हणाले. “जोडपं एक, पण नावं दोन. आठशे वर्षं झाली, दोन्ही आहेत.”

मी काही उत्तर देणार, तोच मागून हाक आली. “गुरुजी!”

ती होती. तिशी ओलांडलेली, पण चेहरा चाळिशीचा. तिच्या मागे एक मुलगी उभी होती; मी क्षणभर त्या मुलीलाच ती समजलो. तेच कपाळ, तेच ताडकन उत्तर देतील असे डोळे. ट्रॉली चौकात उभी होती, वेळ थोडा होता. नवरा गेल्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीवरून पडला होता आणि कंबर गेली होती. आता वाकता येत नव्हते.

“मंग औंदा?” मी विचारले.

“मपला अर्धा हाय की,” ती म्हणाली. “आन् ही.”

मुलगी नववीत होती. ती समाधीकडे बघत होती, किंवा तसे दाखवीत होती.

मी शाळेचे नाव काढले, वयाचे काढले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने मला हिशेब सांगितला. चौथीत सांगितला होता तितक्याच नेमकेपणाने. पुऱ्या कोयत्याची उचल इतकी, अर्ध्याची इतकी. नवऱ्याच्या औषधाला इतके गेले. एक दिवस खाडा पडला की इतके कापतात. बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली, तीही तिने त्याच आवाजात सांगितली. पिशवी काढून चार वर्षे झाली होती. २०१९ साली सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. मी तो आकडा वर्गात फळ्यावर कधी लिहिला नाही. महिन्याच्या चार दिवसांचा खाडा कोयत्याला परवडत नाही, इतकेच त्याचे कारण नसेल, डॉक्टरांचीही त्यात करणी असेल. पण बायका बोलताना खाड्यावरच येतात.

“तुम्ही न्हाई का गेले मायसंगं?” ती अखेर म्हणाली. “तुमचं काय बिघडलं? मास्तर झालेच की.”

यावर मला बोलता येईना. एवढ्यात आई दर्शन घेऊन आली. हातात नारळाची कवड आणि कपाळाला भस्म. तिने ओळखले तिला. उभ्या उभ्याच सगळे ऐकून घेतले. मधे एकही प्रश्न केला नाही. मग त्या मुलीच्या दंडाला धरून जवळ घेतले आणि म्हणाली, “पोर हितं टाक. मपल्यापाशी ऱ्हाईल. शाळा गावातच हाय.”

“उचल घेतली माय, पुऱ्याची.”

“मुकादमाला सांग, पोरगी आजारी पडली. अर्ध्याचे पैशे वापस दे.”

“खर्चले.”

आईने कनवटीला हात घातला. कपिलधारला येताना तिने वर्षभर साठवलेले पैसे बरोबर आणलेले असतात, अन्नदानाला द्यायला. ते फार नव्हते. जितके हवे होते त्याच्या जवळपासही नव्हते. तरी तिने ते तिच्या हातावर ठेवले. उरलेले मी घालायचे, हे तिने मला विचारले नाही. माझ्याकडे नुसते पाहिले. १९९६ साली तिने माझ्याकडे पाहिले नव्हते, ते मला त्या वेळी आठवले.

ट्रॉलीचा हॉर्न वाजत होता. ती गेली. मुलगी आमच्याबरोबर एस.टी.त बसली आणि मांजरसुंबा सुटेपर्यंत खिडकीतून मागे बघत होती. अप्पांचा निरोप घ्यायचा राहून गेला.

तो हंगाम ती अर्ध्या कोयत्याने गेली. एकटीला फडात जोडी लागत नाही. कधी या जोडप्याबरोबर, कधी त्या, असे तिने काढले. मुलगी नववी पास झाली. गणितात बरी आहे, पण आईइतकी नाही, हे मी कुणाला सांगत नाही. यंदा दहावीला आहे. घरात तिची आणि आईची गट्टी माझ्या पलीकडची झाली आहे. खंडेनवमीला आईने पाटावर कोयते मांडले. वडिलांचा आणि तिचा. दोन्ही आता सरपणाला आणि नारळाला वापरतो. हळदकुंकू वाहायला आईने मुलीला सांगितले, आणि ती परसातून जास्वंद तोडून आणायला गेली. मला कोय्यु आठवले.

यंदाच्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात आमच्याकडचे सोयाबीन पाण्यात गेले, काही ठिकाणी मातीसुद्धा वाहून गेली. मुकादमांना या वर्षी कोयते शोधत हिंडावे लागणार नाही. कोयतेच त्यांच्या दारी उभे आहेत. दसऱ्यानंतर चार दिवसांनी ती आमच्या ओसरीवर आली. मुलगी शाळेत होती. मी वह्या तपासत होतो, आणि खरे सांगायचे तर मान वर करायला मला भीती वाटत होती.

“मुकादम आलता,” ती आईला म्हणाली.

आई काही बोलली नाही.

“अर्धीच घेतली.” असे म्हणून तिने पिशवी उघडली. मुलीचे दोन नवे ड्रेस, कंपासपेटी आणि दहावीचा गणिताचा गाईड काढून तिने आईपुढे ठेवला. मग मला विचारले, “गाईड योग्य हाय का बघा, गुरुजी. दुकानदारानं दुसरा दिला असंल तर जाता जाता बदलून आणते.”

मी उलटून पाहिला. गाईड बरोबर होता.